'कॅरी' : एका साध्या क्रियापदाचा भार

परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला अवघड शब्दांची धास्ती वाटते. वस्तुतः त्याने धास्ती घ्यावी ती सोप्या शब्दांची. 'क्लोरोफिल' हा शब्द इंग्रजी शब्दकोशात एका ओळीत आटोपतो. त्याला अर्थ एकच आणि तो जगातल्या सर्व प्रयोगशाळांत सारखाच. याउलट, शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी भेटणारी छोटी क्रियापदे पाहावीत. जाणे, घेणे, ठेवणे, धावणे, नेणे अशा नित्याच्या क्रियांची नावे असलेल्या या शब्दांनी मोठ्या कोशांचे रकानेच्या रकाने अडविलेले असतात. जो शब्द अधिक वापरला जातो, तो अधिक अर्थ गोळा करतो. नाणे हातोहात फिरून झिजते. शब्द मात्र हातोहात फिरून वाढतो.

अशा शब्दांपैकी 'कॅरी' हे एक क्रियापद या विवेचनासाठी घेतले आहे. ते निवडण्याचे कारण केवळ त्याचे अर्थबाहुल्य हे नाही. या एका शब्दाच्या दोन अर्थांपैकी कोणता खरा, या प्रश्नावर एका मोठ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती एका बाजूस व चार दुसऱ्या बाजूस उभे राहिले, आणि त्या उत्तरावर काही माणसांच्या आयुष्यातील वर्षे अवलंबून होती. शब्दार्थाचा विचार हा केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

प्रथम या शब्दाचे कूळ पाहू. 'कॅरी' हा मूळचा इंग्रजी शब्द नाही. ११व्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या फ्रेंच बोलीतील जे असंख्य शब्द तेथे रुजले, त्यांपैकी तो एक होय. फ्रेंच बोलीत तो आला लॅटिनमधील गाडीवाचक शब्दापासून, आणि लॅटिनने तो शब्द घेतला होता गॉल प्रदेशातील केल्टिक लोकांकडून. तेव्हा 'कॅरी' याचा जन्मार्थ 'गाडीतून नेणे' असा आहे. मोटारगाडीचा वाचक 'कार', जहाजावरील माल या अर्थाचा 'कार्गो', भार किंवा आकार या अर्थाचा 'चार्ज' हे सारे त्याचे भाऊबंद. सायकलीच्या मागे बसविलेले कॅरिअर आणि तरुण मुलामुलींना ज्याची चिंता असते ते करिअर, हे मराठीत जवळजवळ एकाच उच्चाराने नांदणारे दोन शब्दही याच घराण्यातले. पहिला 'कॅरी'पासून सिद्ध झाला. दुसरा गाड्या धावण्याच्या रस्त्यावरून, शर्यतीच्या मैदानावरून, आयुष्यक्रमाच्या अर्थापर्यंत आला.

'कॅरी' इंग्लंडमध्ये येण्यापूर्वी तेथे या कामासाठी शब्द नव्हता असे नाही. 'बेअर' हे जुने इंग्रजी क्रियापद होते, आणि ते संस्कृतातील 'भृ' या धातूचे सख्खे नातलग आहे. ज्या धातूपासून भार, भरण, भृत्य हे शब्द झाले तोच हा धातू. नवागत 'कॅरी'ने हळूहळू रोजची ओझी आपल्या खांद्यावर घेतली आणि 'बेअर'कडे दुःख सोसणे, अपत्यास जन्म देणे, शस्त्र धारण करणे अशी गंभीर कामे उरली. घरात नवे माणूस आले की जुन्या माणसाकडील कामे अशीच विभागली जातात.

गाडीतून उतरल्यावर मात्र 'कॅरी'ने जो संचार केला तो विस्मयकारक आहे. हमाल ओझे 'कॅरी' करतो, तेव्हा तो ते वाहतो. गर्भवती स्त्री मूल 'कॅरी' करते, तेव्हा ती ते उदरात वाढविते. खांब छप्पर 'कॅरी' करतो, म्हणजे तोलून धरतो. तार वीज वाहून नेते, डास हिवतापाचा प्रसार करतो, वर्तमानपत्र बातमी छापते, दुकानदार विशिष्ट माल ठेवतो, कर्जावर व्याज लागते, गुन्ह्याला शिक्षा असते, एखाद्याच्या बोलण्याला वजन असते. या सर्व ठिकाणी इंग्रज मनुष्य 'कॅरी' या एकाच क्रियापदावर भागवितो. सभेत ठराव संमत होतो, सैन्य किल्ला सर करते, उमेदवार निवडणुकीत एखादे राज्य जिंकतो, गायक सूर सांभाळतो, मोकळ्या माळावर हाक दूरवर ऐकू जाते, तेथेही तोच शब्द. क्रिकेटमध्ये पहिल्या जोडीत आलेला फलंदाज संघाचे सर्व गडी बाद होईपर्यंत नाबाद राहिला, तर त्याने आपली बॅट 'कॅरी' केली असे म्हणतात. १९८३च्या जानेवारीत फैसलाबाद येथे पाकिस्तानविरुद्ध नाबाद १२७ धावा काढून सुनील गावसकर हे कसोटी सामन्यात असे करणारे पहिले भारतीय ठरले.

आता वरील वाक्यांतील मराठी क्रियापदे मोजून पाहावीत. वाहणे, वाढविणे, तोलणे, नेणे, प्रसार करणे, छापणे, ठेवणे, लागणे, असणे, संमत होणे, सर करणे, जिंकणे, सांभाळणे, ऐकू जाणे, नाबाद राहणे: एका इंग्रजी शब्दासाठी मराठीला पंधरा शब्द योजावे लागले. यावरून इंग्रजी दरिद्री किंवा मराठी श्रीमंत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. मराठीतील 'लागणे' घ्यावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, पैसे लागतात, वेळ लागतो, मूल चालू लागते, आणि अमुक मनुष्य आपला मामा लागतो. इंग्रजी अनुवादकाने या प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द शोधावा, तेव्हाच त्याचा निभाव लागतो. प्रत्येक भाषेने आपले काही बैल अशा अखंड जुंपणीसाठी राखलेले असतात. बैल मात्र भाषागणिक निराळे.

या पसाऱ्यात काही व्यवस्था आहे काय? निश्चित आहे. 'कॅरी'च्या मूळ कल्पनेत दोन धागे आहेत: एक, भार तोलून धरणे, दुसरा, तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. हमालाच्या ठायी दोन्ही एकत्र दिसतात. पुढे एकेक धागा सुटा होत जातो. खांब भार तोलतो, पण कोठेही जात नाही. हाक दूर जाते, पण तीत तोलण्याजोगे ओझे नसते. ठराव विरोधाचा ओढा ओलांडून पैलतीरी नेला जातो, म्हणून तो 'कॅरी' होतो. बेरजेत एकं स्थानाचे बारा झाले की दोन लिहून एक दशंच्या घरात न्यावा लागतो. इंग्रज मुलगा तेथे 'कॅरी' म्हणतो. मराठी मुलाने ती संख्या जणू हातात धरून ठेवली आहे, म्हणून तो 'हातचा' म्हणतो. हिंदी मुलगा तिला 'हासिल', म्हणजे प्राप्त झालेली, म्हणतो. गणित एकच, इंग्रजीचे लक्ष नेण्याकडे, मराठीचे धरण्याकडे, हिंदीचे मिळण्याकडे. शब्द कसा पसरतो हे कळण्यास याहून चांगला पाठ नाही.

मराठीतील 'वाहणे' या शब्दाचा विस्तारही असाच मनोरम आहे. मनुष्य ओझे वाहतो, नदी वाहते, जखम वाहते, भक्त देवाला फूल वाहतो, वडीलधारे घराची काळजी वाहतात, आणि कोणी भावनेच्या भरात वाहवत जातो. या शेवटच्या अर्थी इंग्रज मनुष्यही 'कॅरी'चाच प्रयोग करतो, ही गोष्ट लक्षणीय होय. 'वाहणे' ज्या संस्कृत 'वह्' धातूपासून आले, त्याचा लॅटिनमधील सहोदर धातू इंग्रजीस 'व्हेइकल' हा शब्द देऊन गेला. वाहन आणि 'व्हेइकल' हे अशा रीतीने एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे ठरतात. वाहन आणि 'कॅरी' यांचा संबंध पुढे येणाऱ्या न्यायालयीन वादाच्या केंद्रस्थानी होता.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मादक द्रव्यांच्या व्यापाराविरुद्ध एक संघीय कायदा आहे. त्यातील एका कलमानुसार, असा व्यापार करताना व त्याच्या संबंधात जो कोणी बंदूक वापरतो किंवा 'कॅरी' करतो, त्याला मूळ शिक्षेखेरीज आणखी शिक्षा भोगावी लागते. ज्या काळातील खटल्यांचा येथे विचार आहे, त्या काळी ही जादा शिक्षा सामान्यतः ५ वर्षांची होती व ती देणे न्यायाधीशावर बंधनकारक होते.

प्रथम वाद झाला तो 'वापरणे' या शब्दावर. एका आरोपीने कोकेनच्या बदल्यात स्वयंचलित बंदूक देऊ केली. त्याने बंदूक कोणावर रोखली नाही, झाडली नाही. केवळ विनिमयाची वस्तू म्हणून पुढे केली. हा बंदुकीचा 'वापर' झाला काय? १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनी झाला असे म्हटले, तिघांनी नाही म्हटले. बंदूक स्वयंचलित असल्यामुळे शिक्षा होती ३० वर्षांची. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचा मुद्दा साधा होता: एखाद्याला 'आपण काठी वापरता काय?' असे विचारले, तर त्याचा अर्थ 'आपण काठी टेकून चालता काय?' असा होतो; आजोबांची काठी शोभेसाठी मांडून ठेवली आहे काय, असा होत नाही. १९९५मध्ये याच न्यायालयाने एकमताने 'वापरणे' याचा अर्थ आकुंचित केला आणि बंदुकीचा सक्रिय उपयोग झाला पाहिजे, केवळ ती जवळपास असणे पुरेसे नाही, असे ठरविले. साहजिकच सरकारी पक्षाची नजर कलमातील दुसऱ्या क्रियापदाकडे वळली.

१९९८मध्ये दोन प्रकरणे एकत्र सुनावणीस आली. एकात आरोपी गांजा विकण्यासाठी आपल्या मालमोटारीतून गेला होता आणि त्याचे पिस्तूल मोटारीतील पुढच्या कुलूपबंद खणात होते. दुसऱ्यात आरोपींनी बंदुका एका पिशवीत भरून ती पिशवी मोटारीच्या डिकीत ठेवली होती. कोणाच्याही हाती, खिशात वा कमरेला शस्त्र नव्हते. त्यांनी बंदूक 'कॅरी' केली, असे म्हणता येईल काय?

बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिला. त्यांनी थोर शब्दकोश उघडले. ऑक्सफर्डच्या कोशात या क्रियापदाचा पहिला अर्थच मुळी वाहनातून नेणे हा होता. व्युत्पत्तीही गाडीकडेच बोट दाखवीत होती. मग त्यांनी १६११च्या इंग्रजी बायबलचा दाखला दिला, रॉबिन्सन क्रूसोची नाव पुढे आणली, 'मोबी डिक' कादंबरीतील ढकलगाडीचा उल्लेख केला, आणि आधुनिक वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहांतही मोटारीतून शस्त्र नेण्याच्या संदर्भात हा शब्द सर्रास येतो असे दाखविले. निष्कर्ष असा की, मोटारीच्या खणात किंवा डिकीत जाणीवपूर्वक ठेवून नेलेली बंदूकही 'कॅरी' केलेलीच होय.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी तीन सहकाऱ्यांसह विरुद्ध मत नोंदविले. शब्दाला अनेक अर्थ आहेत हे त्यांना मान्यच होते. पण प्रश्न 'कॅरी'चा नसून 'बंदूक कॅरी करणे' या शब्दसमूहाचा आहे, आणि त्या समूहाचा परिचित अर्थ अंगावर, वस्त्रांत किंवा खिशात शस्त्र बाळगणे हा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ग्रंथांच्या साक्षीला त्यांनी ग्रंथांचीच साक्ष काढली. बायबलमधील ज्या वाक्याचा आधार बहुमताने घेतला होता, त्यात अहज्या राजाचे सेवक त्याला रथातून यरुशलेमला नेतात. गिन्सबर्ग यांनी दाखवून दिले की, इतर इंग्रजी भाषांतरांत तेथे 'कॅरी' हा शब्दच नाही. कोणी 'पोहोचविले' या अर्थाचा शब्द योजला आहे, कोणी 'आणले' या अर्थाचा. मूळ हिब्रू क्रियापद तर रथावर चढवून नेण्याचे आहे. तेव्हा ती साक्ष मूळ ग्रंथाची नसून एका अनुवादकाच्या निवडीची होती. ज्या कायद्याचे दोन अर्थ संभवतात, त्यातील सौम्य अर्थ आरोपीला द्यावा हे जुने तत्त्वही त्यांनी पुढे ठेवले. तथापि निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला आणि जादा शिक्षा कायम झाली.

या वादात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे व शब्दकोश वापरणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानी घ्यावी. ऑक्सफर्डच्या थोर कोशाची पहिली आवृत्ती १८८४पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली व १९२८मध्ये पूर्ण झाली. तिचे संपादक जेम्स मरे यांनी ऐतिहासिक पद्धती स्वीकारली होती. शब्दाचा जो अर्थ सर्वांत आधी आढळतो तो प्रथम, मग त्यानंतरचा, असा तो क्रम आहे. अर्थात, पहिल्या क्रमांकाचा अर्थ हा सर्वांत जुना अर्थ होय; तो सर्वांत मुख्य किंवा प्रचलित अर्थ असेलच असे नाही. घराण्याच्या वंशावळीत खापरपणजोबांचे नाव सर्वांत वर असते, म्हणून आज घर तेच चालवितात असे कोणी म्हणत नाही. पुढे २०१० साली स्टीफन मॉरिट्सन या विधिज्ञाने, प्रचलित इंग्रजीच्या कोट्यवधी शब्दांच्या संग्रहात 'कॅरी' आणि शस्त्रवाचक शब्द कसे एकत्र येतात हे तपासले. तेव्हा अंगावर बाळगण्याचाच अर्थ फार मोठ्या प्रमाणात आढळला. ब्रायर यांची चूक शब्द शोधण्यात नव्हती. शब्दाला एखादा अर्थ असू शकतो आणि तो अर्थ या वाक्यात आहे, या दोन विधानांतील अंतर नजरेआड झाले होते.

या कथेला आणखी एक उपसंहार आहे. २००८मध्ये शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काविषयी याच न्यायालयात मोठा खटला चालला. १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत 'कॅरी' नव्हे, तर जुना 'बेअर' हा शब्द आहे. त्याचा अर्थ लावताना बहुमताचा निर्णय लिहिणाऱ्या स्कालिया यांनी गिन्सबर्ग यांच्या १९९८च्या विरुद्ध मतातील व्याख्याच आधाराला घेतली, आणि स्वतः गिन्सबर्ग मात्र या नव्या निर्णयाच्या विरोधात उभ्या होत्या. एका वादात आरोपीचे रक्षण करण्यासाठी केलेली व्याख्या दुसऱ्या वादात निराळ्याच पक्षाच्या कामी आली. शब्दाची व्याख्या करणाऱ्याचा तिच्यावर कायमचा ताबा राहत नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे, असेही समजण्याचे कारण नाही. भारताच्या संविधानातील अनुच्छेद २५च्या पहिल्या स्पष्टीकरणात शीख धर्मीयांच्या कृपाणासंबंधी दोन क्रियापदे शेजारी शेजारी आहेत: एक अंगावर धारण करण्याचे आणि दुसरे 'कॅरी'. हिंदी पाठात या दुसऱ्यासाठी 'लेकर चलना' असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे हिंदीने नेण्याचा धागा हाती घेतला. १९५९च्या शस्त्र अधिनियमात अग्निशस्त्र मिळविणे, ताब्यात असणे आणि 'कॅरी' करणे, यांचा परवान्याच्या संदर्भात निरनिराळा उल्लेख आहे. मराठीत मात्र 'बाळगणे' हा शब्द असा आहे की, घरातील कपाटात ठेवलेले शस्त्रही मनुष्य बाळगतो आणि कमरेला लावलेलेही बाळगतो. इंग्रजीत ज्या दोन गोष्टी भिन्न आहेत, त्या मराठीतील या एका शब्दात एकरूप होतात. म्हणून अनुवादकाने येथे 'जवळ बाळगणे' किंवा 'घेऊन फिरणे' असा स्पष्ट प्रयोग करून भेद राखला पाहिजे. भाषांतरातील एक सैल शब्द साहित्यात केवळ रसभंग करतो. कायद्यात तो माणसाचे स्वातंत्र्य हिरावू शकतो.

दरम्यान, हा शब्द स्वतः भारतीय भाषांत येऊन स्थायिकही झाला आहे. जेवणाचा डबा 'टिफिन कॅरिअर' म्हणून आला. बाजारातील प्लॅस्टिकची पिशवी 'कॅरीबॅग' झाली आणि २०१८मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा हा शब्द घरोघर ऐकू आला. अनुत्तीर्ण विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात प्रवेश मिळावा म्हणून विद्यार्थी 'कॅरी ऑन'ची मागणी करतात. यांपैकी प्रत्येक ठिकाणी या शब्दाने आपल्या अनेक अर्थांपैकी एकच अर्थ बरोबर आणला आहे. उरलेले त्याने सीमेपलीकडेच ठेवले. ज्या भाषेत शब्द पाहुणा असतो, तेथे तो थोडक्या सामानानिशी राहतो. ज्या भाषेत तो घरचा असतो, तेथे त्याचा संसार वाढतो.

यातून वाचकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, ओळखीच्या शब्दापाशी थांबून पाहण्याची सवय असावी. अनोळखी शब्द स्वतःच वाचकाला थांबवितो. ओळखीचा शब्द थांबवीत नाही, म्हणून फसवितो. दुसरी गोष्ट, शब्दाचा अर्थ एकट्या शब्दाला विचारू नये. त्याच्या शेजाऱ्यांना विचारावा. काय नेले, कोणी नेले, कशातून नेले, हे कळल्यावाचून 'कॅरी'चा अर्थ कळत नाही. तिसरी गोष्ट, शब्दकोश हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. शब्द आजवर कोठे कोठे राहिला हे तो प्रामाणिकपणे सांगतो. आज या वाक्यात तो कोणत्या घरी आहे, याचा निर्णय मात्र वाचणाऱ्यालाच करावा लागतो. त्या निर्णयाची जबाबदारी वाचणाऱ्याच्याच शिरावर राहते. तो भार दुसऱ्या कोणालाही वाहता येत नाही.